चिकटलेली दोन पाने

मित्रांनो, मला हातात घेतलेत तर तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा. मी एक जुनी पुस्तिका आहे आणि माझ्या अंगाला लोण्याचा, मासळीचा आणि मधाचा मिळून एकच वास येतो. माझ्या पोटात इतके कागद आहेत की मी कधी धड मिटतही नाही. पण एके काळी या महानगरात खायला बाहेर पडणारी माणसे माझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवत. तसाच विश्वास एका लहान मुलीने ठेवला आणि तो तिच्या जिवावर बेतला. ती हकीकत कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमच्या महानगरात वर्षभर कुठे ना कुठे खाण्याचा मेळा भरलेला असतो. वसंतात कोवळ्या भाज्यांचा, उन्हाळ्यात आइस्क्रीमचा, पानगळीत फळांचा आणि मधाचा, कडाक्याच्या थंडीत पावांचा. कोणता मेळा कधी, कुठे, आणि तिथल्या कोणत्या गाड्यावर काय मिळते हे ऋतुवार सांगणारी मार्गदर्शिका म्हणजे आम्ही. एका पानावर एक गाडा. माझ्या हजारो बहिणी छापखान्यातून निघाल्या आणि मेळ्यांच्या फाटकांवर वाटल्या गेल्या. मला मात्र बाजूला काढले. माझ्या प्रत्येक छापील पानासमोर एक कोरे पान घालून मला वेगळे बांधले. दरवर्षी नवी पुस्तिका काढायची, पण त्यासाठीच्या दुरुस्त्या माझ्या कोऱ्या पानांवर लिहायच्या, असे ठरले. नवा गाडा आला की त्याच्या नावाची पट्टी माझ्या जुन्या पानावर चिकटवत. अशी प्रत सगळ्यांत मिळून एकच असते, हे कळल्यावर मी जरा फुशारलेच.

माझी मालकीण होती आत्या. खरे तर त्या मार्गदर्शिकेच्या संपादक, पण त्यांची भाची त्यांना आत्या म्हणे, म्हणून सगळे कार्यालयच त्यांना आत्या म्हणू लागले. कार्यालय म्हणजे दोन टेबले, एक कपाट आणि गळका नळ. दुसऱ्या टेबलावर त्यांचा धाकटा भाऊ पुस्तिकेची पाने मांडायचा. त्याची नऊ वर्षांची मुलगी म्हणजे ही भाची. गोड काही लपवले की हुडकून काढायची, म्हणून तिचे नाव पडले मुंगी. पण या मुंगीला शेंगदाणा वर्ज्य होता. दाण्याचा एक कण पोटात गेला तरी तिचे ओठ सुजत, घसा आवळत जाई आणि श्वास कोंडे; मग तातडीने इंजेक्शन द्यावे लागे.

म्हणूनच आत्यांनी खुणा सुरू केल्या. पदार्थात दाणे असतील तर काळा ठिपका. नसतील तर रिकामे वर्तुळ. आणि ही खूण त्या ऐकीव माहितीवर कधीच करत नसत. गाड्याच्या पुढे उभा असलेला माणूस हसून म्हणे, "छे हो, काही नसतं त्यात." आत्या त्याला हसून मान डोलवत आणि सरळ गाड्यामागे जात. तिथे जो कोणी पीठ मळत असेल, पातेले ढवळत असेल, त्याला विचारत. मग पेन्सिल काढून माझ्यावर खूण करत आणि खाली दोन ओळी लिहीत. गाड्याचे नाव मात्र लिहीत नसत. "समोरच तर छापलंय, पुन्हा कशाला हात दुखवू?" असे म्हणत. कोऱ्या पानांना आकडेही घातलेले नव्हते. तेव्हा हे कोणालाच वावगे वाटले नाही, मलाही नाही.

पाच वर्षे मी त्यांच्या कापडी पिशवीतून हिंडले. पावसात भिजले, उन्हात वाळले. मधाच्या गाड्यावर तर चव घ्यायला पुढे केलेला अख्खा चमचा माझ्यावर सांडला. आत्यांनी रुमालाने पुसले, पण मध तो मध. लोक कार्यालयात पत्रे पाठवत. एका आईने लिहिले होते, "तुमच्या ठिपक्यांमुळे आमचा मुलगा पहिल्यांदा बाहेर पोटभर जेवला." आत्यांनी ते पत्र कपाटाच्या दारावर लावले. मी तेव्हा टेबलावर होते आणि मला वाटले, या पत्रातला थोडा मान माझाही आहे.

पाचव्या वर्षी माझी पाठ मोडली. पाने सुटी होऊन पिशवीत लोळू लागली, तेव्हा आत्यांनी मला बांधणीवाल्या काकांकडे दिले. काका हाताचे मोठे नेटके. त्यांनी माझी गुळगुळीत छापील पाने एका ढिगात ठेवली आणि खरखरीत कोरी पाने दुसऱ्या ढिगात. दोन जातींचे कागद एका दाबाखाली ठेवत नाहीत, अशी त्यांची शिस्त. कोऱ्या पानांच्या ढिगात ते मध प्यायलेले पान होते. दाबाखाली मध पाझरला आणि ते पान पुढच्या पानाला असे चिकटले की दोन्हींचे एकच झाले.

काका एक छापील, एक कोरे, एक छापील, एक कोरे असे लावत गेले. मधाच्या गाड्यापुढे चिकटलेली दोन्ही पाने एकदमच लागली. तिथून पुढे माझे प्रत्येक कोरे पान एक घर अलीकडे सरकले, म्हणजे एका गाड्याची खूण त्याच्या आधीच्या गाड्यासमोर आली. शेवटी एक पान कमी पडले. काका म्हणाले, "गळालं असेल कुठेतरी." त्यांनी एक नवे पांढरे पान घातले आणि माझी पाठ छान शिवली. मी आतून ओरडत होते. पण कागदाचे ओरडणे कोणाला ऐकू येणार?

आत्यांनी एरवी मला हातात घेताच ओळखले असते. पण नेमकी त्याच महिन्यात त्यांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी अक्षर वाचायला बंदी केली. नवी पुस्तिका छापायला जायची वेळ तर टळत नव्हती.

"ताई, तू निवांत पड," भाऊ म्हणाला. "पुस्तक माझ्यापुढे आहे. तुझी खूण जशीच्या तशी उचलतो."

"एकदा वाचून तरी दाखव मला."

"सव्वाशे पानं? ऐकता ऐकता झोपशील."

भाऊ कामचुकार नव्हता, मित्रांनो. त्याने एकेक खूण तीन तीनदा ताडून पाहिली आणि तिन्ही वेळा ती माझ्याबरहुकूम निघाली. चूक माझ्यातच होती. त्याचे बोट माझ्या ठिपक्यावरून फिरताना मला मेल्याहून मेल्यासारखे होत होते.

पावांच्या मेळ्याचा पहिला दिवस उजाडला. मुंगीचा वर्ग शाळेतून थेट मेळ्याला जाणार होता. जाण्याआधी ती वडिलांबरोबर कार्यालयात आली आणि नव्या पुस्तिकांच्या गठ्ठ्यातून एक ओढून घेतली.

"आत्या, आज तुम्ही कोणी मागे यायचं नाही हं. वर्गाच्या बाई आहेत. इंजेक्शनपण त्यांच्याकडे दिलंय."

"रिकामं वर्तुळ असेल तरच खायचं."

"माहितीये गं! शंभरदा सांगितलंस." आणि ती पुस्तिका नाचवत निघून गेली. आजवर तिला एकटीने काही विकत घेऊन खाता आले नव्हते.

अकराच्या सुमाराला आत्यांनी नवा चष्मा चढवला आणि सहज मला उघडले. पंधरा दिवसांनी अक्षर दिसत होते, त्याचाच आनंद. पावांच्या मेळ्यातले कॉफीच्या गाड्याचे पान निघाले. समोर त्यांच्याच हातचे लिहिलेले होते, "मागे भट्टीपाशी मांजर झोपते. बाई रागीट, पण खरे सांगतात." वर काळा ठिपका.

आत्यांच्या कपाळाला आठी पडली. "अरे, कॉफीवाल्याकडे भट्टी कुठून आली? आणि तिथे बाई कुठे आहे, दोघं जुळे भाऊ आहेत ना?"

"मलाही जरा नवल वाटलं होतं," भाऊ म्हणाला. "म्हटलं, कॉफीबरोबर दाण्यांची बिस्किटं देत असतील."

आत्यांनी पान उलटले. वर छापलेले होते, "भरलेला गोड पाव." समोर रिकामे वर्तुळ आणि त्यांचे अक्षर, "पीठ, मीठ, पाणी. बाकी काही नाही." त्या भराभरा मागे जाऊ लागल्या. मधाच्या गाड्यापाशी त्या थांबल्या. जाड पानाच्या कडेत नख घातले. चर्रकन आवाज झाला आणि माझी दोन पाने सुटी झाली.

भावाने नवी पुस्तिका उघडली. गोड पावापुढे सुबक छापलेले रिकामे वर्तुळ होते.

"त्या पावात काय असतं, ताई?"

"दाण्याचं कूट," आत्या म्हणाल्या आणि मला छातीशी धरून जिन्याकडे धावल्या.

वर्गाच्या बाईंचा फोन वाजत राहिला. मेळ्याच्या गोंगाटात तो ऐकू येणार तरी कसा? टॅक्सीत भाऊ पुन्हा पुन्हा तोच नंबर फिरवत होता. सिग्नलला गाडी थांबली की तो दाराच्या कडीला हात घालायचा. आत्यांच्या तळव्याच्या घामाने माझा पुठ्ठा ओला झाला. गोड तर सगळ्यांत शेवटी खातात, मुंगी अजून रांगेत असेल, असे मी स्वतःला समजावत होते. पण गोड दिसले की मुंगी आधी कुठे जाते, हे मला चांगले ठाऊक होते.

ती गोड पावाच्या गाड्यासमोरच्या बाकावर सापडली. हातात अर्धा पाव होता. वर्गाच्या बाई तिच्यासमोर गुडघे टेकून पिशवी उपसत होत्या. मुंगीचे ओठ सुजले होते आणि ती मान ताणून श्वास ओढत होती. आत्यांना बघून तिने पुस्तिका वर उचलली.

"आत्या... रिकामं वर्तुळ होतं."

असे बोलणे ऐकायला लागण्यापेक्षा मी रद्दीत गेलेली परवडले असते. तेवढ्यात बाईंना सापडलेले इंजेक्शन आत्यांनी घेतले आणि तिच्या मांडीत दाबून धरले. भाऊ रुग्णवाहिकेसाठी ओरडत होता. कोणाचा तरी पाय लागला आणि मी बाकाखाली गेले. मला वरचे काही दिसेना. फक्त बूट धावताना दिसले, मग स्ट्रेचरची चाके आणि मग काहीच नाही.

ध्वनिवर्धकावरून घोषणा झाली, "पुस्तिकेतल्या खुणा चुकीच्या आहेत, कोणीही त्यावर विसंबू नका." म्हणजे रुग्णालयातूनही आत्यांनी कळवले होते. पण मुंगीचे काय झाले हे त्या घोषणेत नव्हते.

गोड पाववाल्या बाईंनी मला उचलले. हो, त्याच, रागीट. त्यांनी मला फडक्याने पुसले आणि पिठाच्या डब्याशेजारी ठेवले. त्या दिवशी त्यांनी एकही पाव विकला नाही. पुढचे आठ दिवस मी तिथेच होते. त्या रोज मला चाळत, स्वतःच्या गाड्याच्या पानावर थांबत आणि पुन्हा ठेवून देत. त्या आठ दिवसांत मी मुंगीला मनातल्या मनात हजार वेळा मेलेली पाहिली आणि हजार वेळा जिवंत पाहिली.

नवव्या दिवशी त्या मला घेऊन आमच्या कार्यालयाचा जिना चढल्या. दार ठोठावले. दार उघडायला जरा वेळ लागला.

"हे तुमचं पुस्तक," त्या खाली बघतच म्हणाल्या. "आणि ती मुलगी... ती कशी आहे हो?"

"मीच ती," मुंगी म्हणाली.

पाववाल्या बाई दारातच मटकन बसल्या आणि रडू लागल्या. आत्या त्यांच्याशेजारी बसल्या. मला रडता आले असते तर माझी सगळी अक्षरे पुसून गेली असती.

बांधणीवाले काकाही तिथे आलेले होते. "हात माझा चुकला," ते म्हणत होते. भाऊ म्हणाला, "काका, मला शंका आली होती आणि मी विचारलं नाही." आत्या म्हणाल्या, "समोर छापलंय म्हणून मी गाड्याचं नाव लिहायचा आळस केला." तिघेही चूक आपल्याच पदरात ओढून घेत होते. तिघांचेही खरे होते.

मुंगीने हे थोडा वेळ ऐकले. मग ती मला घेऊन जमिनीवर पालथी पडली आणि आत्यांची पेन्सिल मागून घेतली. काकांनी माझी शिवण उसवली, प्रत्येक कोरे पान आपापल्या जागी लावले आणि मुंगीने त्यावर आकडा घातला. खाली गाड्याचे नावही लिहिले. तिचे अक्षर मोठे आणि वाकडे आहे. काही ठिकाणी तर आत्यांच्या ओळींवर चढले आहे. कोणी तिला नीट काढ म्हटले नाही.

अठ्ठ्याऐंशीव्या, गोड पावाच्या पानावर ती थांबली. तिथे आत्यांचा काळा ठिपका होताच. भाऊ हलक्या आवाजात म्हणाला, "राहू दे बाळा, ते मी लिहितो." तिने मान हलवली. ठिपक्याखाली तिने सावकाश लिहिले, "यात दाणे आहेत. मी खाऊन बघितलंय."

मित्रांनो, आता मी थकले आहे आणि नव्या खुणांसाठी दुसरी प्रत बांधली आहे. तिच्याही पानांवर मुंगीनेच आकडे घातले आहेत. तुमच्या हातात एखादी यादी, एखादी चिठ्ठी, एखादी बाटलीवरची पट्टी येईल आणि तिच्या भरवशावर कोणी घास तोंडात घालणार असेल, तर घालण्याआधी ती एकदा नीट वाचा. काही खटकले तर लगेच विचारा. आम्हा कागदांना आपली चूक दिसत असते, पण ती सांगायला तोंड नसते.