दोन अंडी आणि निरंक अहवाल

पाणथळ पक्षी नोंद कक्षात चार माणसं आणि एक लोखंडी कपाट होतं. महत्त्वाचं सगळं कपाटात होतं. सारसाची जोडी कुणाच्या धानाच्या बांधीत घरटं करून बसली आहे, अंडी किती, दिवस किती झाले, हे लिहिलेली घरटे नोंदवही त्यात असे. वही गोपनीय होती. सारस उभा राहिला तर माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवतो, पण घरट्याभोवती गर्दी झाली की अंडी टाकून निघून जातो. म्हणून कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली बडे बाबू यादोराव यांच्या पँटच्या आतल्या खिशात होती. ती पँट धुवायला पडली की कक्षाचं काम थांबत असे.

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. कर्मचारी विनापरवाना क्लाउड व एआय ॲप वापरत असल्यास माहिती विहित नमुन्यात आठ दिवसांत सादर करावी, नसल्यास निरंक अहवाल द्यावा.

निरंक म्हणजे काही नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत यादोरावांनी दुसरा अहवाल दिलाच नव्हता. उंदरांनी खाल्लेल्या फायली, निरंक. गहाळ टेबलं, निरंक. आवारात हत्ती शिरल्याच्या घटना, निरंक. एकदा हत्ती खरंच शिरला होता, पण तोवर अहवाल रवाना झाला होता आणि रवाना झालेला अहवाल हत्तीसाठी कोण परत आणणार? तीस सप्टेंबरला ते निवृत्त होणार होते. शेवटचा निरंक देऊन घरी जायचं, एवढंच उरलं होतं.

"बडे बाबू, निरंकच ना?" कनिष्ठ लिपिक भूपेंद्र म्हणाला. "द्या, मी मसुदा करतो."

अर्ध्या मिनिटात त्याने मसुदा आणला. 'माहितीची सुरक्षितता हा आमच्या कार्यसंस्कृतीचा आत्मा आहे,' अशी सुरुवात होती. यादोरावांनी तो तीनदा वाचला. हा भूपेंद्र गेल्या दिवाळीपर्यंत रजेचा अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेत असे.

"एवढ्या लवकर कसं लिहिलं रे?"

"सराव, बडे बाबू."

यादोरावांनी सही केली नाही. मसुदा खणात ठेवला. त्यांना राग आला नव्हता. घरात नवा वास आला की माणूस उठून शोधायला लागतो, तसं झालं होतं.

तेवढ्यात दुर्पताबाई आल्या. दोन एकर धान लावणाऱ्या, पन्नाशीच्या, आवाज बांधीच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल असा. त्यांच्या गावाचं नाव इथे दिलेलं नाही. कारण पुढे कळेल.

"बाबू, माह्या बांधीत गाड्या काऊन येऊन राहिल्या?"

"कसल्या गाड्या?"

"काल तीन आल्या. पायलीएवढे कॅमेरे घेऊन लोक धुऱ्यावर झोपले. मादी अर्धा घंटा अंड्यावरून उठली ना! तुमी मले म्हणले होते, कोणाले सांगू नोका. मी माह्या नवऱ्यालेही नाही सांगतली. त्या कोपऱ्यात साप हाये, जाऊ नोका म्हणली. तो बिचारा महिन्यापासून लांबून जाऊन राहिला."

यादोरावांचा हात आतल्या खिशातल्या किल्लीवर गेला.

"घरट्याभोवतीचं तण निंदलं नाही म्या. पाणी तोडलं नाही. सगळ्या गावात मले मालूम, अन् इथं तुमाले. मग त्याईले कोणं सांगतलं?"

"किती दिवस राहिले पिल्लं निघायला?"

"बारा. अजून दोनदा मादी अशी उठली तं अंडे थंडे झाले समजा. मग तुमच्या वहीत काय लिहान?"

वहीत काय लिहितात हे यादोरावांना चांगलं माहीत होतं. 'अंडी: निरंक.' पहिल्यांदाच तो शब्द त्यांना आवडला नाही.

दुर्पताबाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीचे काटे टाकते म्हणून गेल्या. यादोराव विचार करत बसले. वही त्यांच्याकडे. पण वहीतली नोंद कंत्राटी ऑपरेटर भाग्यश्री टाइप करते, तिचं पत्र भूपेंद्र करतो आणि कक्षाचे साहेब ते वर कळवतात. तिघांपैकी एक. विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं, निरंकच.

म्हणून त्यांनी विचारलं नाही. बुधवारी तीन कोऱ्या चिठ्ठ्यांवर तीन खोटी घरटी बसवली. वहीत खोटं लिहिण्याइतके ते खालावले नव्हते.

भूपेंद्रला म्हणाले, "कोहमाऱ्याला ढाब्यामागच्या तळ्यात नवं घरटं सापडलंय. तुलाच सांगतोय. पत्र कर."

साहेबांच्या, म्हणजे हेमेंद्र साहेबांच्या कानात म्हणाले, "सर, इटियाडोहच्या कालव्याला लागून. आपल्यातच राहू द्या."

भाग्यश्रीला दरेकसा दिलं. स्टेशनजवळचा डोंगरउतार.

"बडे बाबू," भाग्यश्री म्हणाली, "डोंगरावर सारस? तो काय झाडाले धरून बसला?"

"नोंद घे. पक्ष्याची मर्जी."

रविवारी ते कोहमाऱ्याला गेले. तीनपैकी कोहमाराच का, तर तिथे बस थांबते आणि चहा मिळतो. शास्त्रीय कारण एवढंच. ढाब्यामागच्या तळ्यात दोन म्हशी बसल्या होत्या आणि एक ड्रायव्हर ट्रकची ताडपत्री धूत होता. दहा वाजता एक पांढरीशुभ्र गाडी आली. आतून एक तरुण उतरला. त्याचे कपडे झाडासारखे होते, पानांच्या छापाचे, म्हणजे पक्ष्यांना दिसू नये असे. ढाब्यावरचे सगळे त्याच्याकडेच पाहत होते.

"अंकल, इधर सारस का घोंसला किधर है?"

"कोण म्हणालं इथं आहे?"

"सरकारी लेटर आहे ना." त्याने मोबाइल पुढे केला. भूपेंद्रचंच पत्र. जावक क्रमांकासकट. 'कोहमारा येथील निसर्गरम्य जलाशयाची नीरव शांतता सारसांना साद घालते.' तळ्यातल्या म्हशीने त्याच वेळी कान हलवला.

तरुणाचं नाव राजदीप. यादोरावांनी त्याला चहा पाजला. आपण कोण ते सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. चहा पाजणारा माणूस सहसा संशयित ठरत नाही.

"हे तुमच्याकडे आलं कसं?"

"आलं कुठं, पडलेलंच होतं. आमच्या ग्रुपमध्ये टीना आहे, ती रोज सकाळी नेटवर ढुंढते. ऑफिसची लोकं फुकटच्या ॲपमध्ये कागद टाकतात अन् म्हणतात, जरा चांगल्या भाषेत करून दे. मग शेअर दाबतात. त्यांना वाटते एकालाच गेलं. अंकल, ते चौकात टांगल्यासारखं असते. ज्याला शोधता येते त्याचं."

"अजून आहेत का असे?"

"ढेर सारे." त्याने बोट सरकवलं. दरेकसा. भाग्यश्रीचा तक्ता, रकान्यांना गुलाबी रंग. टीनाने खाली लिहिलं होतं, डोंगरावर सारस, दुर्मीळ, नक्की जा. पुन्हा बोट. इटियाडोह. साहेब मोबाइलमध्ये बोलतात आणि ॲप त्याचं इंग्रजी करतं, हे यादोरावांना तेव्हा कळलं. मध्येच साहेब चहावाल्याला काही म्हणाले असावेत, कारण घरट्याच्या वर्णनात दोन कप कमी साखरेचा चहा होता.

तिघांपैकी एक नव्हे, तिघंही. एक उंदीर शोधायला कोठी उघडावी आणि आत कुटुंब निघावं, तसा यादोरावांना आनंद झाला. कुणाला काय शिक्षा हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. साहेबांच्या चहात साखर किती, हे ॲपने किती बिनचूक टिपलं याचंच त्यांना नवल वाटत होतं.

"पण अंकल, बेस्ट हे होतं," राजदीप म्हणाला. "मागच्या शनिवारचं. एकदम ओरिजिनल. हातानं लिहिलेलं."

नोंदवहीचं पान होतं. वर चहाच्या कपाचं गोल. खाली दुर्पताबाईंचं नाव, गाव, गट नंबर, घरट्यापर्यंतची पायवाट, सगळं वळणदार अक्षरात. आणि पानाच्या कोपऱ्यात पान दाबून धरणारा एक अंगठा. अंगठ्याचं नख काळं होतं. मागच्या महिन्यात कपाटाच्या दारात सापडलेलं.

यादोरावांनी हात टेबलाखाली घेतला.

वरच्या कार्यालयाला दर शनिवारी वहीच्या पानाची पीडीएफ लागे. कक्षाचं स्कॅनर चौदा महिन्यांपासून दुरुस्तीला गेलं होतं. तेव्हा यादोरावांनी स्वतःच एक फुकटचं स्कॅनर ॲप मोबाइलवर घेतलं होतं. घेताना ॲपने सहा प्रश्न विचारले. त्यांनी सहाही वेळा होय म्हटलं. प्रश्नाला होय म्हटलं की विषय संपतो, हा चौतीस वर्षांचा अनुभव होता. ॲपवर एआय आहे, क्लाउड आहे, असं कुठेतरी लिहिलं असेल. त्यांनी ते ढग वाचलेच नव्हते. वही मात्र दर शनिवारी न चुकता कुलपात परत ठेवली होती.

"अंकल, तुम्ही काय करता?" राजदीपने जाता जाता विचारलं.

"मी?" यादोराव म्हणाले. "मी निरंक."

सोमवारी सकाळी त्यांनी दार लावलं आणि तिघांना समोर बसवलं. आधी स्वतःचं सांगितलं, काळ्या नखासकट. मग कुणाला काही विचारायची गरजच पडली नाही.

"मले मराठी लिहायची भीती वाटते, बडे बाबू," भूपेंद्र म्हणाला. "ते ॲप रागवत नाही."

"ऑफिसचा कॉम्प्युटर तक्ता उघडायला वीस मिनटं घेते," भाग्यश्री म्हणाली.

साहेब म्हणाले, "वरून इंग्रजीत मागतात ना," आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

भाग्यश्रीने यादोरावांच्या ॲपमधलं पान खोडून दिलं. "पण त्या टीनाजवळ तं राहिलंच. आपण हे खोडलं, ते नाही खोडता येत."

"मग पाच दिवस काय करायचं?" साहेबांनी विचारलं. पाच दिवसच उरले होते, शनिवारपर्यंत. काट्यांवरून उडी मारून काल पुन्हा दोन जण आले होते, असं दुर्पताबाईंनी फोनवर सांगितलं होतं.

यादोरावांनी काळ्या नखाने टेबलावर टिचकी मारली. मग म्हणाले, "आपली खोटी घरटी लोकांनी खरी मानली ना?"

"डोंगरावरचंही मानलं," भाग्यश्री म्हणाली.

त्यांनी कोरा कागद घेतला आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं. दुर्पताबाईंच्या बांधीतली जोडी घरटं सोडून गेली. नवं घरटं, वरिष्ठ कार्यालयाच्या मागे साचलेल्या पाण्यात. अंडी चार. सारसाची अंडी सहसा दोनच असतात, पण हौशी माणसाला आकडा मोठा लागतो. कागदावर कपाचं गोल उमटवलं. कोपऱ्यात अंगठा धरला. ॲपने प्रश्न विचारले. सहा वेळा होय.

मंगळवारी अकरा वाजता वरच्या कार्यालयाचा फोन आला. "यादोराव, आमच्या भिंतीपलीकडे माणसं झुडपात पालथी पडली आहेत!"

"किती, सर?"

"चौदा! म्हणतात तुमचा कागद पाहून आलो. आणि तुमचा निरंक कुठाय? मुदत काल संपली."

बुधवारी दुर्पताबाईंचा फोन आला. धुऱ्यावर कुणी नाही. गुरुवारीही कुणी नाही.

गुरुवारी यादोराव अहवाल लिहायला बसले. भाग्यश्री टेबलापाशी येऊन उभी राहिली. "बडे बाबू, माहं कंत्राट मार्चपर्यंत हाये."

"नाव एकच जाणार आहे. माझं."

"अन् तुमची पेन्शन?"

"जाऊ दे बाई, लिहू दे." त्यांनी चौतीस वर्षांत पहिल्यांदा तो नमुना पूर्ण भरला. ॲपचं नाव, वापरणारा, बाहेर गेलेली माहिती, झालेलं नुकसान. खोटा कागद स्वतःच रचला, हेही लिहिलं. मग पट्टीने एक जादा रकाना आखला. 'का वापरावं लागलं.' त्यात लिहिलं, स्कॅनर चौदा महिन्यांपासून दुरुस्तीस. संगणक तक्ता उघडण्यास वीस मिनिटे घेतो. कर्मचाऱ्यांस पत्र लिहिण्यास कोणी शिकवलेले नाही. अहवाल भूपेंद्रला दाखवला. तो म्हणाला, "आत्मा-बित्मा नाही टाकला?" त्यांनी नाही टाकला.

उत्तर दोन दिवसांत आलं, म्हणजे फार लवकर. विहित नमुन्यात असा रकाना नाही, तो वगळून पुनश्च सादर करावे. सोबत यादोरावांना खुलासा मागणारं दुसरं पत्र. सोबत स्कॅनरही आलं. त्याची वायर आली नव्हती.

सोमवारी दुर्पताबाई आल्या. दारातूनच म्हणाल्या, "निंगाले बाबू! दोन्ही निंगाले. शनिवारी एक, काल दुसरा. पयला तं मायच्या मांगं पाण्यात चालून राहिला."

यादोरावांनी किल्ली काढली, कपाट उघडलं, वही काढली. भूपेंद्रने सवयीने मोबाइल हातात घेतला होता. दुर्पताबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो खणात ठेवून खण लावून घेतला.

पिल्लं: दोन. तारीख. मग यादोरावांचं पेन एका रकान्यापाशी थांबलं. 'ठिकाण.' मागच्या वेळी त्यांनी इथेच पायवाटेसकट सगळं लिहिलं होतं. जोडी पुढच्या वर्षी बहुधा त्याच बांधीत येणार होती आणि तेव्हा या खुर्चीत कोण असेल, त्याच्या मोबाइलमध्ये काय असेल, कुणी सांगावं?

त्यांनी लिहिलं आणि शाई वाळू दिली.

"काय लिहिलं?" दुर्पताबाईंनी विचारलं.

"ठिकाण: दुर्पताबाईंना विचारावे."

दुर्पताबाईंनी मान हलवली. हे त्यांना पटलं असावं.

"आणि कुणी येऊन खरंच विचारलं, तर?" यादोराव म्हणाले.

"साप हाये म्हणीन," दुर्पताबाई म्हणाल्या.