दंडावरचं नाव

कुंभिवलीत करोनाची लस टोचली, तेव्हा कुणाला ताप आला, कुणाचं अंग मोडून आलं. अंबाबाईचं मात्र सगळंच जगावेगळं. दोन दिवसांनी तिच्या दंडावरचं गोंदण सुजलं. लहानपणी जत्रेत हौसेनं गोंदवून घेतलेलं धाकट्या भावाचं नाव, 'दशरथ', अक्षर न् अक्षर टरारून वर आलं. नर्सबाई म्हणाली, "उतरेल, भिऊ नका."

भिते कोण! अंबाबाईला भीती नव्हती, लाज होती. शेलूचं माहेरचं शेत दशरथनं तिला न विचारता बिल्डरला विकलं, तेव्हा त्याच्या दारात उभं राहून ती ओरडली होती, "तुजं नाव चुना लावून जाळून टाकलंय मी!" जाळलं कुठलं? तिनं फक्त लांब बाह्यांची पोलकी शिवून घेतली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. हिचा तर सुंभही जळला नव्हता. पुढं साखरेच्या आजारानं दशरथची दृष्टी गेली. ते कळल्यावर ती चुलीपुढं बसून रडली, पण गेली नाही.

आता सून माधवीनं हट्ट धरला. "आई, आत्ताच चला. मामांना दिसत नाय, पण बोटांना नाव लागेल."

"सूज उतरू दे गं. सुईनं नाव फुगलं म्हनून भईन आली, असं म्हनंल त्यो."

सूज उतरली. मग लावणी आली, मग गौरी-गणपती. भाऊबीजेला माधवीला घेऊन ती एकदाची शेलूला गेली. ओवाळताना दशरथ रडला, तीही रडली. मग तिनं बाही वर सारली आणि त्याचा हात धरून दंडावर ठेवला.

"तुजं नाव हाय रं अजून."

त्यानं बोटं फिरवली, हळूहळू, पुन्हा पुन्हा. कातडी सपाट होती.

"मामा, हाय ओ नाव. मी बघतेय ना," माधवी म्हणाली.

"असंल, पोरी." त्यानं बहिणीचा हात थोपटला. "जाऊ दे, अक्का. जाळलंस ते बरोबरच केलंस. चूक माजीच व्हती."

अंबाबाई नखांनी दंड ओरबाडत राहिली, लाल होईपर्यंत. नाव काही वर आलं नाही.