दंडावरचा चुडो

संगीता नव्वद किलोच्या घरात होती तेव्हा तिला कोणी जाडी म्हटलं नाही. 'बिजलीबाईची सून भरली,' एवढंच म्हणत. लग्न होऊन ती आर्णीजवळच्या बंजारा तांड्यावर आली तेव्हा अगदी पाप्याचं पितर होती. सासूनं बाटी-दाळ खाऊ घालून तिला माणसात आणलं, आणि त्याचा बिजलीबाईला केवढा तोरा! बाटी म्हणजे ज्वारीची भाकरच, पण बिजलीबाईच्या हातची. ती नको म्हणायची तांड्यात कोणाची टाप नव्हती.

लग्नात संगीताच्या दोन्ही दंडांवर पांढरा चुडो चढला होता. कोपराच्या वर, थेट खांद्यापर्यंत घालायच्या या बांगड्या. नवरा जिवंत आहे तोवर त्या दंडावर राहणार, ही जुनी रीत. आता पुष्कळ घरी ती सुटली. फेटिया-काचळी गेली, पाचवारी साडी आली, नव्या पोरींनी चुडो पेटीत ठेवून दिला. संगीतानंही अंग भरल्यावर घट्ट झालेल्या बांगड्या उतरवल्या, पण मोठ्या मापाची एकेक दोन्ही दंडांवर राहू दिली. राहू दिली म्हणजे काय, ती निघेचना! मांसात रुतून बसली होती.

"माह्यापासून सुटका नाई तुही," शाम तिला चिडवायचा. "कटर लागन, कटर!"

शाम तिचा नवरा. आर्णी-दारव्हा रस्त्यावर काळीपिवळी चालवायचा. दहा माणसांच्या गाडीत पंधरा बसवून वर गप्पाही हाणायचा. त्याच्या पायावर सूज आली तेव्हा सगळे म्हणाले, बसून बसून आली. मग तोंड सुजलं. मग यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या कामातून गेल्या. तेव्हापासून डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा जायचं, परत येऊन चिपाडासारखं खाटेवर पडायचं.

नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, घरातून कोणी किडनी देणारं आहे का? बिजलीबाई लगेच पुढे झाली, पण तिला शुगर. शामचा भाऊ संजय, त्याचं रक्त जुळेना. जुळलं ते संगीताचं. तिला वाटलं, चला, देव पावला! तर डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं आणि मान हलवली.

"सत्तरच्या आत या, बाई. त्याशिवाय मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. एकाला वाचवताना दुसऱ्याचा जीव घालवायचा का?"

परतीच्या वाटेवर संगीतानं शामच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "करतो मी कमी. तुमी फक्त टिका."

आणि केलं हो तिनं! उजाडलं की पांदणीनं चालायला निघायची, दव पडलेल्या कपाशीतून साडीचा काठ भिजवत परतायची. चहातली साखर बंद केली. बाटी अर्धी, मग पाव. होळीला अख्खा तांडा मटणावर तुटून पडला, लेंगी गात नाचला, आणि ही घरात काकडी चावत बसली. भूक म्हणजे काय असते ते तिला तेव्हा कळलं. दुपारी शेजारच्या मानीबाईकडे फोडणी पडली की हिच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण काटा उतरत होता. पंच्याऐंशी, ऐंशी, पंच्याहत्तर.

मांस गेलं, चामडी मात्र मागे राहिली. पाहुणे निघून जावेत आणि मांडव तसाच लोंबत राहावा, तसं अंग झालं तिचं. पोट ओघळलं ते साडीत लपलं, पण दंडांचं काय करणार? भाकरी थापायला हात हलवला की दंडाखालची कातडी हलायची, हात थांबला तरी ती थांबायची नाही.

"काय व संगीता," मानीबाई हापशीवर सगळ्यांदेखत म्हणाली, "हे ब्लाऊजची बाही लोंबून राह्यली का दंड?"

बाया फिदीफिदी हसल्या. संगीताही हसली. न हसून करते काय? घरी येऊन मात्र न्हाणीत बसून रडली. तिला स्वतःच्या अंगाची किळस आली, आणि नवरा मरणाच्या दारात असताना आपण दंडाचं रडतोय, याची त्याहून जास्त लाज वाटली. आर्णीला उर्वशी टेलरकडे जाऊन तिनं कोपरापर्यंत बाह्यांचे ब्लाऊज शिवून घेतले. नागपूरच्या नर्सनं सांगितलं म्हणून पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या घेऊन हात वरखाली करू लागली. त्यानं कातडी काही भरेना. 'ते आता असंच राहणार,' नर्सनं पुढच्या खेपेला सांगून टाकलं.

एकदा ती शामला पाणी द्यायला वाकली तेव्हा त्यानं तिचा दंड धरला. बाही वर सरकवली. ती सैल कातडी बोटांत घेऊन पाहत राहिला.

"नोका पाहू," ती म्हणाली. "चांगलं नाई दिसत."

"इतकं कोणी कोणासाठी रिकामं होते का व, संगे?" आणि एवढा गडी, भर रस्त्यात ट्रकवाल्यांशी भांडणारा, लेकरासारखा हुंदके देऊन रडला. त्या दिवशी संगीताला आपले दंड पहिल्यांदा आपलेसे वाटले.

पण ज्याची भीती कोणाच्या मनातही नव्हती ते पुढेच उभं होतं. एका सकाळी ती दगडावर कपडे आपटत होती. हात वर गेला, खाली आला, आणि उजव्या दंडावरचा चुडो कोपरावरून घसरत मनगटातून निघून खाली साबणाच्या पाण्यात पडला. बिजलीबाई ओसरीत तूर पाखडत होती. तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"अगं बाई! उचल! उचल ते आधी!"

बिजलीबाईची ही भीती उगाच नव्हती. पूनमसिंग, तिचा नवरा, जायच्या आधी ती तापानं आजारी होती. अंग वाळलं आणि तिचा चुडो असाच ढिला होऊन घसरला. महिना झाला नाही तर पूनमसिंग बैलगाडीखाली आला. तेव्हापासून तिचे दंड उघडे. तापानं माणूस वाळतं आणि वाळल्या हातावर बांगडी राहत नाही, हे तिला कोणी समजावलं नव्हतं. आणि समजावलं असतं तरी पोटच्या पोराचा प्रश्न होता.

चुडो परत दंडावर चढवला. चिंधीनं बांधला. तरी तो कोपरापाशी उतरून यायचाच. ओघळलेल्या कातडीवर काय टिकणार?

"दंड भरला पाहिजे तुहा," बिजलीबाई म्हणाली.

संगीता सासूला याडी, म्हणजे आई, म्हणायची. "याडी, आता थोडंच राह्यलं. एक किलो फक्त. डॉक्टरनं सांगतलं..."

"डॉक्टरले चुडो घालाव लागते का? त्याले काय समजते?" आणि मग एकदम पडेल आवाजात, "माहा पोरगा जाईन व, संगी."

संगीतानं ऐकलं नाही. पण त्या दिवसानंतर तिच्या पाव बाटीवर येणारी दाळ बदलली. पहिल्याच घासाला तिला कळलं. वर तवंग दिसू नये म्हणून बिजलीबाईनं तूप दाळीत घोटून घोटून मुरवलं होतं. भाजीत शेंगदाण्याचा कूट मुठीमुठीनं. बाटी जाड, आणि तिच्याही पिठात मोहन. अशी दाळ तिनं सात-आठ महिने चाखली नव्हती. घास जिभेवर विरघळला. तिनं सासूकडे पाहिलं. सासू चुलीकडे तोंड करून बसली होती, मान वर करत नव्हती.

ताट सरकवायचं होतं. एवढंच करायचं होतं.

तिनं मनाला समजावलं, म्हातारीच्या जिवाला बरं वाटेल. चुडो खरंच घसरला तर? आणि आपण चालतोच आहोत की रोज. एक किलोचा तर प्रश्न, एवढ्याशा तुपानं काय होतंय? तिनं ताट पुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशीही खाल्लं. तिसऱ्या दिवशी तर जेवायची वेळ व्हायच्या आधीच ती चुलीपाशी येऊन बसली. आर्णीच्या मेडिकलमध्ये काटा होता. दर सोमवारी ती त्यावर चढायची. त्या सोमवारी मात्र दुकानासमोरून गेली आणि आत काही गेली नाही.

नागपूरच्या तारखेला डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग पुन्हा काट्याकडे.

"मागच्या वेळी एकाहत्तर होतं. आज त्र्याहत्तर? काय झालं, बाई?"

"काय मालूम," संगीता म्हणाली.

शामनं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, माह्यावरलं उतरून तिच्यावर चढून राह्यलं असन." सगळे हसले. डॉक्टरांनी महिन्यानंतरची तारीख दिली.

घरी आल्यावर पोराचा चेहरा पाहून बिजलीबाई समजली.  त्या दिवसापासून दाळ पुन्हा पाण्यासारखी आली. संगीता वेड्यासारखी चालायला लागली. सकाळी पांदणीनं, संध्याकाळी रस्त्यानं, कधी कधी पळतसुद्धा. वजन उतरू लागलं. सत्तरावर आलं. पण शामला ताप भरला. डायलिसिसच्या नळीच्या जागी पू झाला होता. यवतमाळला भरती केलं. तारखेला आठ-नऊ दिवस राहिले असतील, तोच शाम गेला.

तांड्यातल्या बाया चुडो उतरवायला आल्या. कोणाला ओढावं लागलं नाही, तेल लावावं लागलं नाही. हात खाली केला आणि दोन्ही बांगड्या घरंगळत आल्या. मानीबाई तिच्या गळ्यात पडून रडली. हापशीवरचं आठवून जास्तच रडली. "असी बायको कोणाले भेटत नाई," सगळ्या म्हणाल्या. "नवऱ्यासाठी हाडाची काडं केली बिचारीनं! नशीबच खोटं, ती काय करन?" संगीता मान खाली घालून ऐकत राहिली. एकेक शब्द तिला चटका देत होता.

दिवस-कार्य झालं, पाहुणे पांगले. दुपारी घरात दोघीच राहिल्या. संगीतानं दोन दिवस तोंडात काही घातलं नव्हतं. बिजलीबाई ताट घेऊन तिच्यासमोर आली, ताट खाली ठेवलं आणि स्वतःही भिंतीला टेकून खाली बसली. मग एकदम तिनं आपल्या थोबाडात मारून घेतलं. एक, दोन, तीन.

"याडी! काय करून राह्यल्या तुमी?"

"म्या मारलं त्याले! ह्या हातानं मारलं! तुह्या दाळीत तूप टाकत होती व मी, संगी. तुहा दंड भरावा म्हणून. चुडो राहावा म्हणून. तू बिचारी उपाशी मरत होती, आन् मी तुले फसवून खाऊ घातलं. दोन किलो! माह्या तुपाचे ते दोन किलो!" म्हातारीनं डोकं भिंतीवर आपटलं. "सांग सगळ्यायले. संजयले सांग. मले तांड्यातून हाकला."

संगीतानं तिचं डोकं धरलं. आता फक्त गप्प राहायचं होतं. एक शब्द बोलली नसती तर अख्खं पाप म्हातारीच्या गळ्यात पडलं असतं, आणि म्हातारीनं ते मरेपर्यंत मुकाट वाहिलंही असतं. संगीताच्या ओठांवर 'जाऊ द्या' हे शब्द आलेही होते.

"मले मालूम होतं, याडी."

"काय मालूम होतं?"

"तूप. पहिल्या घासालेच समजलं."

बिजलीबाईचं रडणं थांबलं. ती सुनेकडे पाहत राहिली. तिच्या सुरकुतल्या चेहऱ्यावर हळूहळू एक आशा आली. ती पाहून संगीताच्या काळजाचं पाणी झालं. म्हातारी तिचा सैल दंड दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "मंग तुले बी भेव वाटलं ना? चुडो जाईन म्हणून? त्याच्यासाठीच खाल्लं ना तू?"

हो म्हणणं किती सोपं होतं. संगीतानं मान हलवली.

"नाई, याडी. भूक लागे मले. लय भूक लागे."