मांत्रिकाचा झगा

कॉमिकमधली चित्रं ती काढायची. गोष्ट लिहायचे तिचे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, आणि त्यांची अक्कल दर अंकात अर्ध्या वाटेवर दम टाकायची. उडणारा नायक कुठे पक्का अडकला की भावोजी मांत्रिकाला बोलवायचे. तो धुरातून यायचा, दोन बोटं हलवायचा आणि नायकाला सोडवून चालता व्हायचा. भावोजींचं काम एका ओळीत उरकायचं. त्या घोळदार झग्याची चुणी न् चुणी काढताना तिच्या मात्र कंबरेचा काटा ढिला व्हायचा.

आजही भावोजींनी चहाचा कप खुशाल तिच्या कोऱ्या कागदावर ठेवला. “नायक समुद्राच्या तळाशी, पेटीत बंद. मांत्रिक येतो आणि सोडवतो.”

“मांत्रिक मेला, भावोजी.”

“कधी?”

तिने गेल्या महिन्याचा छापील अंक पुढे सरकवला. शहर कोसळतं त्या चित्राच्या कोपऱ्यात, दगडविटांखाली, मांत्रिक डोळे सताड उघडे ठेवून पडला होता.

“वाचक हळहळले. तुम्ही चित्रं बघतच नाही, मग तुम्हाला कुठून पत्ता लागणार?”

आता तरी हा माणूस डोक्याला ताण देईल, म्हणून ती मजा बघत खुर्चीला टेकली. भावोजींनी अंकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चहा संपवून ते उठले.

“मग भूत होऊन येऊ दे. मांत्रिकाला काय अवघड आहे? तू फक्त झगा आरपार दिसेल असा काढ. चुण्या सगळ्या दिसायला हव्यात, आणि त्यांच्यामागचे मासेही.”