तीन हाका

आमच्या वहिनी या प्रभागातून निवडून आल्या, तेव्हा मी घरीच बसून होतो. "भाऊजी, नुसते पेपर चाळण्यापेक्षा माझं ऑफिस सांभाळा," म्हणाल्या. तेव्हापासून तक्रारवही माझ्याकडे. तुंबलेली गटारं, बंद पडलेले दिवे, न आलेलं पाणी, सगळं त्या वहीत नंबरानं उतरतं. दर सोमवारी सकाळी दहाला तक्रारदार बाकावर बसतात. मी नंबर पुकारतो, ज्याचा असेल तो "हजर" म्हणतो आणि काम झालं की नाही ते सांगतो. तीन हाकांत कुणी हजर म्हटलं नाही, तर मी पुढे 'काम झाले' असं लिहितो. नियम वहिनींचा. ज्याचं अडलंय तो येणारच, असं त्यांचं म्हणणं, आणि मलाही ते सोयीचं होतं.

एक्केचाळीस नंबर चौकशीबाईंचा. हे नाव मीच ठेवलेलं. सत्तरी ओलांडलेली बाई, हातात काठी आणि तोंडी एकच प्रश्न, "काय झालं हो आमच्या झाकणाचं?" त्यांच्या गल्लीतल्या गटाराच्या चेंबरवर झाकण नव्हतं. ते बसवायचं काम पालिकेचं, पण पाठपुरावा करायचं आमचं. सहा सोमवार त्यांनी माझ्या नाकी नऊ आणले. खरं सांगायचं तर त्या बाईनं एकदाही वाकडा शब्द काढला नव्हता.

सातव्या सोमवारी त्यांना उशीर झाला. ऑफिस पहिल्या मजल्यावर, जिना बावीस पायऱ्यांचा. मी चाळीसवाल्याचं ऐकत होतो, तेवढ्यात जिन्यात काठी वाजायला लागली. टक. जरा वेळानं पुन्हा टक. कोण आहे ते मला लगेच कळलं. मी चाळीसवाल्याला अर्ध्यात तोडलं आणि एका दमात एक्केचाळीसच्या तिन्ही हाका मारल्या. तिसरी संपली तेव्हा काठी अठराव्या पायरीवर होती. एवढं नेमकं सांगतोय, कारण मी मोजत होतो.

त्या धापा टाकत दारात आल्या. "आजी, तुमचा नंबर गेला. आता पुढच्या सोमवारी या, नवीन तक्रार लिहू," मी म्हणालो. बाकावरचे दोघे-तिघे हसले.

"बरं बाबा," म्हणाल्या आणि तो सगळा जिना पुन्हा उतरून गेल्या.

गुरुवारी संध्याकाळी त्या त्याच चेंबरमध्ये पडल्या. शुक्रवारी गेल्या. शनिवारी पालिकेनं झाकण बसवलं, वरातीमागून घोडं.

पुढच्या सोमवारी मी चाळीसनंतर थेट बेचाळीस पुकारला, आणि जिन्यात काठी वाजली. मी उठून पाहिलं, जिना रिकामा. शिपायाला विचारलं तर म्हणाला, "साहेब, कान दाखवून घ्या एकदा." चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण पुढच्या सोमवारीही तेच, आणि त्याच्या पुढच्याही. अठरा वेळा वाजायची आणि थांबायची. वर यायची नाही, खालीही जायची नाही. मला सोमवारची भीती वाटायला लागली.

पाचव्या सोमवारी त्यांची मुलगी आली. हॉस्पिटलात नर्स, ड्युटीवरून तशीच गणवेशात आलेली. ती वहिनींपुढे उभी राहिली.

"मी आईजवळ राहत नव्हते. पालिकेचे लोक म्हणतात, तुमच्या वहीत 'काम झाले' लिहिलंय. म्हणजे झाकण बसलं होतं, नंतर कुणी काढलं असेल, आणि आईला ते दिसलं नाही. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मी दोनदा पुढे ढकललं, ताई. ड्युटी होती म्हणून. मला तेवढंच कळू द्या. माझ्यामुळे गेली का ती?"

"असं मनाला लावून घेऊ नकोस बाळा," वहिनी म्हणाल्या. "वहीत आहे ते आहे. भाऊजी, पुढचा नंबर घ्या."

मी गप्प बसलो असतो, तर माझ्या केसालाही धक्का लागला नसता. ती पोर मात्र तो दोष जन्मभर घेऊन फिरली असती. एवढ्यात जिन्यात काठी सुरू झाली. अठरा झाल्या, थांबली.

"एक्केचाळीस," मी पुकारलं.

"भाऊजी! ते आता कशाला?"

मी थांबलो. दुसरी हाक मारली, पुन्हा थांबलो. मग तिसरी मारली.

मुलगी वळली. तिच्या हातात आईची नंबराची चिठ्ठी होती, घडी पडून मळलेली. "हजर," ती म्हणाली.

"काम झालं नव्हतं," मी म्हणालो. "झाकण कधी बसलंच नव्हतं. तुझी आई जिना चढत होती. मला ऐकू येत होतं, तरी मी तीन हाका उरकल्या. ते 'काम झाले' मी खोटं लिहिलं." आणि सगळ्यांसमोर ती ओळ खोडली. वहिनींनी मान फिरवली.

मला वाटलं, ती थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं वाटलं असतं.

"किती पायऱ्या उरल्या होत्या?" तिनं विचारलं.

"चार."

ती बाकावर बसली. मग जरा सरकली आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली. जिन्यात काठी पुन्हा वाजली, एकोणिसाव्या पायरीवर. बेचाळीसवाला हातात चिठ्ठी घेऊन ताटकळत होता, पण मी त्याचा नंबर पुकारला नाही.