भिंतीवरची वाकळ

सुईचं नेढं उजेडाकडे धरलं की त्यातून आभाळाचा एवढासा ठिपका दिसतो, आणि दोऱ्याचं टोक नेमकं त्या ठिपक्याच्या शेजारून निसटतं — मंजुश्रीने टोक ओठांत धरून ओलं केलं, पीळ दिला, पुन्हा नेम धरला... आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, ऑपरेशन उन्हाळ्यात करू म्हणते, आणि तोवर घरात जो सापडेल त्याला सुई ओवायला बसवते. आज सापडली ती तिची थोरली लेक, पुण्याला मध्य आशियाचा इतिहास शिकवणारी, उझबेकिस्तानातल्या कापसावर जाडजूड प्रबंध लिहून डॉक्टर झालेली.

"ओवली का वं?"

"ओवली," म्हणून मंजुश्रीने सुई आईच्या बोटांत दिली.

जानेफळच्या घराच्या ओसरीवर वाकळ पसरलेली होती. तीन कडा मिटल्या होत्या, चौथीचा एक कोपरा तेवढा उघडा होता, आणि तो मुद्दाम ठेवलेला. सिंधूताईंच्या, म्हणजे आईच्या माहेरची ती रीत — शेवटच्या कोपऱ्यात आपल्या शेतातलं कापसाचं एक बोंड सरकीसकट घालायचं आणि मग तोंड शिवायचं. वाकळ परक्या घरी उपाशी जाऊ नये म्हणून. धाकटा भाऊ प्रसेनजित सकाळीच बायांना घेऊन कापसाच्या तिसऱ्या वेच्याला गेला होता, आणि जाताना ओसरीच्या कठड्यावर दोन फुटलेली बोंडं ठेवून गेला होता. ती तिथे होती, पांढरी, आपण काहीच केलं नाही अशी.

वाकळ उझबेकिस्तानातल्या गुलनोरासाठी होती. नेमकं सांगायचं तर गुलनोराच्या मुलीसाठी, जिचं मागच्या पावसाळ्यात लग्न झालं. आणि अगदी नेमकं सांगायचं तर — मंजुश्रीला नेमकं सांगायची सवय आहे, तिचं पोटच त्यावर चालतं — ते लग्न झालंच नव्हतं. निदान झालं असलं तर मंजुश्रीला त्याची खबर नव्हती. ते तिने एका रविवारी फोनवर परस्पर उरकून टाकलं होतं.

दर रविवारी आई विचारायची, "तुही गुलनोरा कसी हाये वं?" आणि दर रविवारी मंजुश्री म्हणायची, बरी आहे. पण 'बरी आहे' किती वेळा म्हणणार... आईला त्या कधी न पाहिलेल्या बाईचा लळा लागला होता, तिकडे थंडी किती, तिचे गुडघे दुखायचे त्याचं काय झालं, सगळी चौकशी व्हायची. असंच एकदा काही सुचेना तेव्हा मंजुश्री बोलून गेली, पोरीचं लग्न झालं. तिकडून लगेच आईचा उजळलेला आवाज, "मंग आंदन म्हनून काई तरी द्या लागन ना तिले!" सगळा हिवाळा आई अधू डोळ्यांनी टाके घालत बसली, एका खोट्या लग्नासाठी. पुढच्या महिन्यात मंजुश्री परिषदेसाठी ताश्कंदला जाणार हेही आईला ठाऊक, आणि वाकळ तिच्या बॅगेतून जाणार हे आईने कधीच ठरवून टाकलेलं.

आता सांगावं... आत्ता, आई सुई टोचत असताना, इकडे बघत नसताना. पण काय सांगावं — लग्न झालं नाही एवढंच? मग ती विचारील, खोटं काऊन बोलली? आणि त्याचं उत्तर द्यायला गेलं की धागा ओढल्यासारखं सगळंच उसवत येणार.

सगळं म्हणजे कुठून? भूगोलाच्या वहीपासून, बहुतेक. लहानपणी रशियातून गुळगुळीत कागदाची मासिकं यायची. वाचायचं कोणी नाही, पण वह्यांना कव्हर घालायला त्यासारखा कागद नाही. बाबा मेहकरच्या रद्दीवाल्याकडून ती आणायचे. भूगोलाच्या वहीवर कापसाचं रान आलं होतं, आणि त्यात फुलाफुलांचे रुमाल बांधलेल्या बाया ओंजळी भरून हसत होत्या. आई शेतातून आली होती, बोंडांनी ओरखडलेल्या बोटांना तेल चोळत होती, आणि त्या चित्राकडे बघून म्हणाली, "ह्या हासून काऊन राह्यल्या? कापूस येचताना कोनी हासते का?"

बस्स. त्या एका प्रश्नावर मंजुश्रीने आयुष्य काढलं — दिल्ली, रशियन भाषा, मग उझबेक, अभिलेखागारातल्या धुळीने धरलेला खोकला, सामूहिक शेतीचे कागद, भाषणं, ठराव, पुरस्कारांच्या यादीतल्या बायांची नावं. मुलाखतीत विचारायचे, बुलढाणा जिल्ह्यातून एकदम मध्य आशिया? ते कसं काय? ती 'तुलनात्मक कृषिइतिहास' असलं काहीतरी भारदस्त म्हणायची. आईचा प्रश्न तिने कधी कुठल्या तळटीपेतही घातला नाही.

उत्तर दिलं गुलनोराने. फरगाणा खोऱ्यातल्या एका गावातली शाळेतली बाई, मंजुश्रीपेक्षा थोडी मोठी, पियाल्यात चहा अर्धाच ओतणारी — अर्धा ओतला की पाहुणा पुन्हा मागतो, आणि पुन्हा मागतो म्हणजे बसून राहतो, अशी तिथली पद्धत. मंजुश्रीने तिच्यासाठी आईच्या हातची एक वाकळ नेली होती. गुलनोराची आई मासिकातल्या तशाच एका फोटोत होती. सकाळी नवे रुमाल वाटले, फोटो झाल्यावर परत गोळा केले. "फोटोवाला म्हणाला, हसा. म्हणून हसल्या." आणि मग, चहा पुन्हा ओतला गेल्यावर, तिने स्वतःचंही सांगितलं — मास्तरणींना कापसावर धाडायचं बंद झालं असं जाहीर होऊनही तिच्या मुख्याध्यापकाने हंगामात त्यांना गुपचूप कसं धाडलं, ताप अंगावर घेऊन कोण गेलं, कोण गप्प राहिलं. 'नाव नको' एवढंच तिचं म्हणणं होतं.

नाव मंजुश्रीने दिलं नाही. लेखात तिने गुलनोराची झुल्फिया केली, गाव बदललं, वय बदललं, शिकवायचा विषय बदलला, मुलीचा मुलगा केला. माहिती देणाऱ्याची ओळख कशी झाकायची हे ती वर्गात शिकवते, त्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. आणि मग लेखाची सुरुवात तिने केली ती अशी — झुल्फियाच्या पाहुण्यांच्या खोलीत, समोरच्या भिंतीवर, भारतातून आलेली एक वाकळ आहे. जुन्या लुगड्यांची, निळी, मोरपंखी, मधोमध एका पुरुषाच्या चौकड्याच्या सदऱ्याचा तुकडा... संपादकाने कळवलं, सुरुवात फार जिवंत आहे. ती वाचून मंजुश्रीला दिवसभर गुदगुल्या होत होत्या. मग कोणीतरी तो लेख रशियनमध्ये उतरवला, तो फोनाफोनांवरून फिरला, आणि त्या गावात पोचला तेव्हा झुल्फिया कोण हे कळायला कोणाला काही डोकं चालवावं लागलं नसेल. साऱ्या खोऱ्यात तशी वाकळ एकाच भिंतीवर होती.

सगळं झाकलं आणि वाकळ तेवढी उघडी राहिली, ती कशी? ह्याचं उत्तर साधं आहे आणि लाजिरवाणं आहे. ती वाकळ तिला गुलनोराची वाटलीच नव्हती. ती आईची होती, जानेफळची होती, म्हणजे आपली; आणि आपल्या वस्तूचं वर्णन करायला परवानगी कोणाची घ्यायची?

ताश्कंदच्या एका ओळखीच्या प्राध्यापकाकडून कळलं, गुलनोराची नोकरी गेली. ज्यांच्या तापाचा लेखात उल्लेख होता त्या शेजारणी तिच्याकडे येईनाशा झाल्या. मग गुलनोराचा निरोप आला. निरोप म्हणजे एक फोटो, शब्द एकही नाही. पाहुण्यांची खोली, चुन्याची भिंत, आणि भिंतीवर नुसता खिळा. मंजुश्रीने उत्तर पाठवलं नाही. काय लिहावं हे ठरेपर्यंत एक हिवाळा गेला, दुसरा आला. फोटो अजून फोनमध्ये आहे. कधी तो तिला शिवी वाटतो, कधी सावध करणं — इथे आता काही नाही, लिहू नकोस — आणि स्वतःला बरं वाटून घ्यायचं असेल त्या दिवशी नुसती माहिती, की वाकळ काढून ठेवली.

"काय वं मंजू, कवा आली?" फाटक ढकलून शेजारच्या वच्छलाबाई आत आल्या, हातात तुरीच्या शेंगांचं सूप. शेंगा राहिल्या बाजूला. त्या तशाच वाकळीवर वाकल्या, एका लुगड्याच्या तुकड्यावर बोट ठेवलं. "हे तं सत्यभामाबाईचं पातय. पोयाले घेतलं होतं."

"हाव. फाटलं तं मले देल्लं तिनं."

"आन हा सहदेवभाऊचा सदरा." वच्छलाबाईंचं बोट चौकड्यावर थांबलं. "पैल्या वाकयीतबी होता ना?"

"उरला होता तेवढा ह्याच्यात लावला," आई म्हणाली. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या दोघी त्या तुकड्याकडे बघून जराशा थांबल्या, जिवंत माणूस वाटेतून जाऊ द्यावा तशा. मग वच्छलाबाई शेंगा ओतून, सूप झटकून गेल्या.

पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या काड्यांच्या कुंपणावर वाळत घातलेल्या वाकळी... वारा सुटला की एखादी उडून भलत्याच दारात जायची आणि संध्याकाळच्या आत आपल्या घरी परत यायची, कोणी कोणाला न विचारता. शाळेतून येताना मंजुश्री पाठ म्हटल्यासारखी म्हणत यायची, ही आत्याची, ही वच्छलाकाकूची, ही आपली. अक्षरं यायच्या आधीपासून तिला वाकळी ओळखता येत होत्या. आणि तीच मुलगी मोठी होऊन... तेही गावच होतं ना? तिथेही कुंपणं होती, शेजारणी होत्या, डोळे होते. पण तिच्या कागदपत्रांत त्याचं नाव 'अभ्यासक्षेत्र' असं होतं, आणि अभ्यासक्षेत्रात कोणी कोणाची वाकळ ओळखेल हे तिच्या मनातही आलं नाही.

"पैली तिनं कुठं ठेवली म्हनली होती तू?" आईने विचारलं.

"भिंतीवर."

टाका अर्ध्यात थांबला. "भितीवर? पांघराले देल्ली होती वं मी. थंडी रायते ना तिकडं?"

"शोभेला लावली, आई. फार आवडली म्हणून."

"तिनंच लावली?"

साधा प्रश्न. आईने सुईवरची नजरही उचलली नव्हती. हो म्हणायचं, झालं. एवढं खोटं लग्न लावून दिलं, त्यात ही आणखी एक अक्षता... पण 'हो' आलं नाही. त्याऐवजी ती खोली आली. पेटीवर रचलेल्या गाद्या-रजया, आणि त्यांच्यात मधे कुठेतरी, घडी घालून, वाकळ — तिची निळी कड तेवढी दिसत होती. गुलनोरा म्हणाली होती, थंडी पडली की मी हीच घेणार. आणि मंजुश्री म्हणाली होती, इथे नको, इथे कोणाला दिसणार? भिंतीवर लावू. गुलनोराने एकदा चुन्याच्या स्वच्छ भिंतीकडे बघितलं. पाहुणीला नाही कसं म्हणायचं. हातोडी शेजारून मागून आणली ती मंजुश्रीने, खिळा ठोकला तो मंजुश्रीने, चुन्याचा पोपडा पडला तो पायाने सारला तोही तिनेच. आणि मग दोन पावलं मागे सरून, फोन वर धरून —

— हस ना, मी म्हणाले होते. जराशी बाजूला उभी राहा, आणि हस.

आणि ती हसली होती.

मंजुश्रीने फोन काढला. तोच खिळ्याचा फोटो, तीच भिंत. तिने तो बोटांनी मोठा केला. खिळ्याच्या खाली पोपडा गेलेली तळहाताएवढी जागा होती, इतके दिवस तिथे असलेली, आणि मंजुश्री इतके दिवस बघत होती ती फक्त वाकळ जिथे नाही ती जागा. शिवी नाही, इशारा नाही. माझी वस्तू, मी ठोकलेला खिळा, तेवढी माझ्याकडे परत पाठवलेली.

"बोंड घाल, मंग तोंड शिवतो," आई म्हणाली. "आन तिले फोन लाव. शिवताना पाहीन ती. आपल्या हातानं शिवतो म्हना."

मंजुश्रीने कठड्यावरचं बोंड उचललं. कोपऱ्यातून हात आत घातला, पार मनगटापर्यंत. आत सरकी बोटांना टोचली, आणि बाकी सगळी ऊब होती, उन्हात पसरलेल्या वाकळीत असते तशी, बाबांच्या सदऱ्याच्या पाठीमागून येणारी. भिंतीवर लावलेल्या वाकळीची ऊब कोणाला मिळत नाही. गुलनोराने ती एक हिवाळा तरी अंगावर घेतली असती — मी घेऊ दिली नाही.

दुसऱ्या हातात फोन होता. गुलनोराचं नाव समोर होतं, त्याखाली खिळा, आणि त्याखाली लिहायची कोरी जागा. लग्न झालं का, असं पहिलं वाक्य तिच्या मनात आलं, आणि ते इतकं निर्लज्ज होतं की तिला स्वतःचीच शिसारी आली. दुसरं वाक्य अजून आलं नव्हतं, पण पहिल्यांदाच ती ते शोधत नव्हती, नुसती त्याच्यासाठी थांबली होती.

"हात काढ ना वं," आई म्हणाली. "शिवू दे."

मंजुश्रीने हात काढला नाही.