लिंकनच्या वडिलांचं प्रकरण

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधली मराठी मंडळी भानुदास रामटेक्यांना लिंकनकाका म्हणत. शिकागोच्या पुलांच्या कामावरून निवृत्त झाल्यापासून ते लिंकनचं मराठी चरित्र लिहीत होते. दर एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीत त्यातलं एखादं प्रकरण वाचून दाखवत. लाकडी खोपटात जन्मलेला, शाळेत धड वर्षभरही न गेलेला मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला, हे सांगताना त्यांचा आवाज हमखास भरून यायचा.

त्यांच्या गोष्टीत खलनायक म्हणजे लिंकनचा बाप थॉमस. पोराला शेजाऱ्यांच्या शेतावर राबायला धाडून मजुरी स्वतः ठेवणारा. १८५१ साली तो मरणाला टेकला, निरोप गेले, पण लिंकन आला नाही. आता भेटलो तर आनंदापेक्षा क्लेशच जास्त होतील, असं कळवून तो स्प्रिंगफील्डलाच राहिला. मातीलाही गेला नाही.

भानुदासांचं हे लाडकं प्रकरण. त्यांच्या वडिलांनी त्यांना कॉलेजातून काढून रेल्वेच्या यार्डात चिकटवायचा घाट घातला होता. ते घर सोडून मावशीकडे राहिले आणि शिकले. पुढे वडील नागपुरात शेवटच्या घटका मोजत होते, तेव्हा पत्नी रत्नाबाईंनी विचारलं, "तिकीट बघू का?" भानुदास नको म्हणाले. आजोबांकडे का गेला नाहीत, असं लहानग्या मुलाने, रवीने विचारलं, तेव्हा त्यांनी त्याला लिंकनची गोष्ट सांगितली. अगदी अभिमानाने.

तोच रवी मोठेपणी मेडिकल अर्ध्यावर सोडून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला गेला, व्हिडिओ गेम बनवायला. भानुदासांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

यंदा फेब्रुवारीत त्यांची बायपास ठरली. रत्नाबाईंनी मुलाला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"मी येऊ शकतो, आई," रवी शांतपणे म्हणाला. "पण आत्ता भेटून दोघांनाही त्रासच होईल. बाबांनीच शिकवलंय ना?"

भानुदास शेजारीच बसले होते. नुसतं 'ये' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी चष्मा चढवून हॉस्पिटलचे कागद पुढे ओढले. थोडा वेळ वाट पाहून रवीनेच फोन ठेवला.

ऑपरेशन नीट पार पडलं. मे उजाडल्यावर भानुदास म्हणाले, "थॉमसची कबर बघायचीय." डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती, म्हणून रत्नाबाईंनीच ड्राइव्ह केलं. दक्षिणेला तीनेक तास, दोन्ही बाजूंना नुकता उगवलेला मका. कबरस्तानात दुसरं कुणी नव्हतं.

"अध्यक्ष म्हणून वॉशिंग्टनला निघायच्या आधी तो इथे येऊन गेला होता," भानुदास म्हणाले. "बाप जाऊन दहा वर्षं झाली होती."

"हे तुमच्या पुस्तकात आहे?"

"नाही."

"का बरं?"

"गोष्ट बिघडत होती."

रत्नाबाईंनी दगडावरची वाळकी पानं झटकली. मग म्हणाल्या, "मामाजी शेवटी शेवटी नागपुराहून फोनवर मला विचारायचे, भानूचं तिकडच्या साहेबांशी पटतं ना, त्याला कुणी हिणवत नाही ना. तुम्हाला सांगायला लागले की तुम्ही उठून जायचात."

भानुदासांनी गवतावरच बसून रवीला फोन लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"बाबा? सगळं ओके आहे ना?"

"ठीक आहे. रवी, तुला ती गोष्ट मी अर्धीच सांगितली होती रे. आणि जी सांगितली ती स्वतःला बरं वाटावं म्हणून. आजोबांकडे मी जायला हवं होतं. तुझ्याकडेही."

पलीकडे कुणीतरी इंग्रजीत हाक मारत होतं. "मी मीटिंगमध्ये आहे, बाबा. नंतर बोलू?"

त्या दिवशी फोन आला नाही. रविवारी आला. रवीने तब्येत विचारली, पथ्य विचारलं, आणि ठेवता ठेवता म्हणाला, "नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत जमतंय का बघतो."

"येईल असं वाटतं तुम्हाला?" रत्नाबाईंनी विचारलं.

"माहीत नाही," भानुदास म्हणाले. नक्की ये, असं बजावायचा हक्क आपण कधीच घालवलाय, हे त्यांना कळत होतं. ते उठले आणि लिंकनच्या वडिलांचं प्रकरण पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायला बसले.